तबला बंद करून वाजवलेले दहा राग

१९८२ साली मुंबईत एक एलपी ध्वनिमुद्रित झाली. नाव लांबलचक आणि इंग्रजी : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. कंपनी एचएमव्ही, म्हणजे कुत्रा आणि कर्णा असलेली आपली जुनी ओळखीची ग्रामोफोन कंपनी. वाजवणारा माणूस एकच, चरणजित सिंग. गायक नाही, वादकांचा ताफा नाही, तबलजी नाही. तबकडी दुकानात गेली आणि खपली नाही. पुढची वीस वर्षं तिचं नावही कुणी काढलं नाही.

२००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. त्याने घरी नेऊन लावली आणि तो चक्रावला. शिकागोच्या क्लबांत १९८७ च्या सुमारास जन्मलेलं, ‘ॲसिड हाउस’ म्हणून ओळखलं जाणारं नाचाचं संगीत त्याला मुंबईच्या १९८२ च्या तबकडीत ऐकू येत होतं. त्याने चरणजित सिंगांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या लेबलवर तबकडी पुन्हा काढली. मग युरोपातल्या वृत्तपत्रांत लेख आले. काहींना ही कुणी तरी केलेली लबाडी वाटली. हल्लीच्या एखाद्या गोऱ्या संगीतकाराने जुनं कव्हर छापून टाकलं असणार, असा त्यांचा संशय. ती लबाडी नव्हती. मग दुसरं वाक्य रूढ झालं, आणि तेच आजही जिथे तिथे वाचायला मिळतं : एका भारतीय माणसाने चुकून ॲसिड हाउसचा शोध लावला.

त्या ‘चुकून’ या शब्दाशी माझं भांडण आहे.

आधी माझी बाजू सांगतो. मी राणीसावरगावात मास्तरकी करतो, उर्दू आणि मराठी शिकवतो. गाणं शिकलेलो नाही. रागांची नावं कानावर पडली ती परभणी आकाशवाणीवरून, उरुसातल्या कव्वालीतून आणि अब्बांच्या कॅसेटींतून. डिस्को म्हणजे आमच्या पिढीला लग्नातला नाच. ही तबकडी मी मोबाइलवर ऐकली, कानात इअरफोन घालून, रात्री वह्या तपासताना. पहिल्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा ऐकली तेव्हा वह्या बाजूला ठेवल्या. (संगीत जायज की नाजायज हा वाद मी इथे काढणार नाही. ज्यांना तो काढायचा आहे त्यांच्यासाठी आपल्याकडे पुष्कळ जागा आहे.)

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणातले वादक होते. बेस गिटार, हवाईयन पद्धतीची गिटार, ट्रान्झिकॉर्ड हे विजेवर चालणारं ॲकॉर्डियनसारखं वाद्य, पुढे सिंथेसायझर. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा सगळ्यांकडे त्यांनी वाजवलं. सिनेमाच्या गाण्यांच्या फक्त वाद्यांवर वाजवलेल्या धुनांच्या तबकड्याही काढल्या. लग्नांत आणि पार्ट्यांतही त्यांचा ऑर्केस्ट्रा वाजे. त्या काळी मुंबईच्या स्टुडिओत शंभर-शंभर माणसं एका वेळी बसत. गोव्याचे ख्रिस्ती व्हायोलिनवाले आणि ट्रम्पेटवाले, पारशी, शीख, बंगाली, आणि तबला, ढोलक, सारंगीच्या जागांवर मोठ्या प्रमाणात मुसलमान. तबकडीवर नाव संगीतकाराचं, गायकाचं, गीतकाराचं. ज्याच्या बोटांनी तो तुकडा वाजला त्याचं नाव कुठेच नाही. आपण पन्नास वर्षं ज्यांचं वाजवणं ऐकत आलो, त्यांतल्या दहा जणांची नावं सांगा म्हटलं तर तुम्हाला आणि मला घाम फुटेल.

तर अशा एका माणसाने स्वतःच्या नावाने दहा राग वाजवले. ते डिस्कोवर का वाजवले, याचं उत्तर त्या दोन वर्षांच्या मुंबईत आहे.

१९८० मध्ये फिरोज खानचा ‘कुर्बानी’ आला. त्यातलं एकच गाणं लंडनहून आलं होतं. संगीत बिद्दूचं, आवाज पंधरा वर्षांच्या एका मुलीचा, नाझिया हसनचा. कराचीची मुलगी, लंडनमध्ये वाढलेली, गाणं हिंदी सिनेमातलं. पुढच्या वर्षी तिचा ‘डिस्को दीवाने’ आला आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना वाजला. १९८२ च्या डिसेंबरात मिथुनचा ‘डिस्को डान्सर’ आला. आमच्या घरात नाझियाचं नाव अम्मीच्या तोंडून मी ऐकलं आहे. ती कुठल्या देशाची हे अम्मीला बरीच वर्षं माहीत नव्हतं, आणि कळल्यावरही काही फरक पडला नाही. थोडक्यात, १९८२ मध्ये मुंबईच्या कुठल्याही वादकाला रोज सकाळी डिस्कोच वाजवायला लागत होता. चरणजित सिंगांनी पुढे मुलाखतीत हेच सांगितलं : सिनेमात डिस्को फार होता, त्याच डिस्कोत काही वेगळं करावं असं वाटलं, राग घ्यावेत, ठेका डिस्कोचा द्यावा आणि तबला बंद करावा.

इतकं सरळ सांगणाऱ्या माणसाबद्दल ‘चुकून’ कसं म्हणता येईल? रियाज होता, बाजारपेठ समोर होती, यंत्रं हातात होती, आणि विचार करून त्याने एक वस्तू बनवली.

यंत्रं कोणती, हे जरा सविस्तर सांगायला हवं. तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. एक टीआर-८०८, ताल देणारं, १९८० मध्ये बाजारात आलेलं. दुसरं ज्युपिटर-८, मोठा सिंथेसायझर. त्यावर चरणजित सिंग रागाची बढत वाजवतात. तिसरं टीबी-३०३, पुस्तकाएवढी चंदेरी पेटी. ही पेटी बनवली होती एकट्या गिटारवाल्यासाठी. त्याच्याकडे बेस गिटार वाजवणारा साथीदार नसेल तर पेटीने त्याची जागा घ्यावी. पण तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. ती कुणी घेईना. सुमारे दहा हजार नग बनवून कंपनीने १९८४ मध्ये ती बंद केली. मग त्या पेट्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. शिकागोतल्या पोरांनी अशीच एक पेटी आणून तिच्या खुंट्या भलत्याच पिळल्या, तेव्हा जो चिरका, वळवळता आवाज निघाला त्याचं नाव ॲसिड. त्या पोरांच्या ‘फ्यूचर’ या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी १९८७ ची.

चरणजित सिंगांनी ही पेटी सिंगापूरहून आणली होती. ते स्वतः बेस गिटार वाजवत. म्हणजे ज्या यंत्राचा जन्मच त्यांची नोकरी घेण्यासाठी झाला होता, ते यंत्र त्यांनी आपल्या पैशाने विकत घेतलं आणि त्याच्याकडून भैरवी वाजवून घेतली. मला या तबकडीतली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते, आणि युरोपातल्या लेखांत ती जवळपास नसतेच.

आता ऐकू या.

एका बाजूला पाच राग, दुसऱ्या बाजूला पाच, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. पहिला भैरवी. मैफल भैरवीने संपवायची हा आपला रिवाज. भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात. इथे सुरुवातच भैरवीने. यंत्रातून काढलेला एक माणसासारखा आवाज शिवाचं नाव घेतो आणि मग ठेका सुरू होतो. जपानी पेटी, शीख वादक, शिवाचं नाव. ज्याला हे विचित्र वाटेल त्याने मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी आठवावी, त्यात यमुनेचा काठ आहे. आपल्या संगीतात हे असं मिसळलेलंच असतं, आणि त्याकडे बोट दाखवून ‘बघा बघा, किती एकोपा’ म्हणण्याचाही मला आताशा कंटाळा येतो. वादक वाजवत होते, एवढंच.

मग ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. ललत पहाटेचा आणि त्याच्यापाठोपाठ भूपाळी रात्रीचा, म्हणजे पहिल्या बाजूला वेळेचा हिशोब नाही. (मराठी माणसाला भूपाळी म्हटलं की सकाळ आठवते, कारण देवाला उठवायच्या गाण्यांनाच आपण भूपाळी म्हणतो. राग मात्र रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. हा घोळ नववीच्या वर्गात दर वर्षी समजावून सांगावा लागतो.) दुसरी बाजू वेगळी आहे. मेघ मल्हार पावसाचा. त्यानंतर यमन, कलावती, मालकंस आणि शेवटी बैरागी. संध्याकाळ, रात्र, उत्तररात्र, पहाट. हे मुद्दाम केलं की जुळून आलं, देव जाणे. पण ही बाजू रात्री एका दमात ऐकली तर एक अख्खी रात्र सरकल्यासारखी वाटते. मला सगळ्यात आवडतो तो मालकंस. त्यात पाचच स्वर, पंचम आणि ऋषभ नाहीत, आणि खालच्या पट्टीत ती पेटी त्याच पाच स्वरांत गिरक्या घेत राहते. मधुवंती मला सपक वाटली. तिथे यंत्र पुढे आणि राग मागे पडला आहे.

या पेटीत एक खुबी आहे. तिला सोळा घरं असतात. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा, आणि हवं तर त्या घराला ‘घसरण’ लावायची, म्हणजे तो स्वर तुटक न संपता पुढच्या स्वरावर घसरत जातो. ज्यांनी हार्मोनियम वाजवली आहे त्यांच्या लक्षात येईल की हे किती मोठं आहे. हार्मोनियमला मींड घेता येत नाही. एक पट्टी सोडायची, दुसरी दाबायची, मधलं अंतर तिच्याकडे नाहीच. गळा आणि सारंगी हे अंतर चालून जातात. म्हणजे जपानमध्ये बेस गिटारच्या बदली म्हणून बनलेल्या पेटीला आपल्या पेटीपेक्षा मींड जास्त कळत होती.

यंत्र आणि राग यांचं हे भांडण १९८२ चं नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचं आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानने कर्ण्यासमोर उभं राहून राग गायला तेव्हा तिला तीन मिनिटांचा वेळ होता. दोन दोन तास गाणारे उस्ताद या खेळण्याला हसले. गौहरजानने तीन मिनिटांत राग बसवला आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. तबकडी जर्मनीत बनायची, तिथल्या माणसांना कुणाचा आवाज कुठला हे कळावं म्हणून. असं नाव सांगायची सोय पुढच्या स्टुडिओवाल्यांना कधीच मिळाली नाही.

हार्मोनियमची गोष्ट तर आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर आणि आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली. गोऱ्यांच्या बारा स्वरांत न मावणारे आपले स्वर पेटीत आणायचे होते. स्वर मोजायला त्यांना गळा लागत होता, तो दिला अब्दुल करीम खाँसाहेबांनी. १९१६ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली, तेव्हा जमलेल्या उस्तादांना ती पटली नाही. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदीच घातली. ती सुमारे तीन दशकं टिकली. कारण हेच, पेटी बेसूर आहे, तिला मींड नाही, ती आपली नाही. बंदी उठेपर्यंत पेटी गावागावांत पोचली होती. भजनी मंडळात पेटी, कव्वालाच्या मांडीवर पेटी, तमाशात पेटी.

आणि सारंगी गेली. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो. गायकाच्या मागे बसणाऱ्या सारंगियाची जागा पेटीने घेतली. सारंगी वाजवणारी घराणी बहुतेक मुसलमान होती. किराणा घराणं ज्या कुटुंबांतून आलं तीही सारंगीची आणि बीनाची. सारंगीला ‘कोठ्यावरचं वाद्य’ म्हणून नाक मुरडणाऱ्या सभ्य समाजाला पेटी सोयीची वाटली. घरातल्या मुली शिकू शकत होत्या, आणि शिकवायला सारंगिया घरात घ्यावा लागत नव्हता. पेटी विरुद्ध सारंगी हा वाद स्वरांचा म्हणून लिहिला गेला. पोटापाण्याचा भाग कुणी लिहिला नाही.

मिरजेत याच्या उलटही घडलं आहे. तिथले शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे मुसलमान कारागीर, एकोणिसाव्या शतकात तलवारींची गिऱ्हाइकं संपल्यावर तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतात. आज देशभरातल्या मैफलींत मिरजेचा तानपुरा असतो, २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि त्याच काळात गायकाच्या झोळीत विजेवर चालणारा, किंवा मोबाइलमधला तानपुराही आला. कारागिराला एका हाताने मानपत्र आणि दुसऱ्या हाताने धक्का.

आता मूळ मुद्द्यावर येतो. चरणजित सिंगांनी तबला बंद केला. म्हणजे नेमकं काय केलं?

तीनताल सोळा मात्रांचा. त्या पेटीचीही घरं सोळा. आकडा तोच. पण तीनतालात नवव्या मात्रेवर ‘खाली’ येते. डग्गा गप्प होतो, ठेका हलका होतो, जमिनीवरून पाय उचलल्यासारखं वाटतं, आणि मग सम पुन्हा अंगावर येते. डिस्कोला खाली नाही. त्याची प्रत्येक मात्रा सारख्याच वजनाने पडते, धप धप धप धप, पाच मिनिटं. या तबकडीवर राग वर तरंगतो, वळतो, थबकतो. खाली जमीन मात्र सपाट सिमेंटची. पहिल्यांदा ऐकताना जो एक चमत्कारिक ताण जाणवतो तो याचा आहे. तबल्याच्या साथीत वादक आणि तबलजी एकमेकांकडे बघून हसतात, एकमेकांना फसवतात, समेवर भेटतात. इथे चरणजित सिंग एकटे आहेत. समेवर भेटायला समोर कुणी नाही.

हे मला सुचलं नव्हतं. माझ्या एका मामूंनी सांगितलं. मामू गंगाखेडच्या एका बँडपार्टीत क्लॅरिओनेट वाजवायचे. लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला सवड नसायची. गंगाखेड, पालम, लोहा, अहमदपूर, जिथून सुपारी येईल तिथे टेम्पोतून जायचं. निकाह असो की हिंदूंची वरात, बँड तोच, वाजवणारे तेच, गाणीही तीच. १९९५ च्या आसपास मालकाने कॅसिओ आणला आणि गाडीवर कर्णे चढवले. एका कॅसिओने क्लॅरिओनेट, ट्रम्पेट आणि आणखी दोघांचं काम व्हायला लागलं. चौघांची सुट्टी झाली. मामू त्यांतले एक. त्यांनी दुसऱ्याकडून उसना कॅसिओ आणून चार महिन्यांत शिकून घेतला आणि त्याच पार्टीत परत आले, या वेळी मधोमध, कॅसिओवर. आणखी पंधरा वर्षांनी डीजे आला, बँडच बंद पडला. आता ते ऑटो चालवतात.

त्यांना मी मालकंस ऐकवला. डोळे मिटून पूर्ण ऐकला. मग म्हणाले, ‘‘बजाया तो भोत अच्छा है रे. पन इसमें खाली किदर है? मुंडी हिलाने कू होता, रुकने कू नै होता.’’ थोडं थांबून विचारलं, ‘‘तबलेवाला किदर गया?’’

युरोपातल्या एवढ्या लेखांत हा प्रश्न मला दिसला नव्हता.

स्टुडिओतला तबलेवाला कुठे गेला याचं उत्तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मिळालं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आणि तालयंत्रं स्टुडिओत घट्ट बसली. एकेक वाद्य वेगवेगळं मुद्रित करता येऊ लागलं. शंभर माणसं एकत्र बसवायची गरज उरली नाही. मुंबईचे ते मोठे ऑर्केस्ट्रे मोडले. कुणी वाद्यांचे क्लास काढले, कुणी घरी बसलं. १९८२ च्याच जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला होता, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा. गिरणीचा आणि स्टुडिओचा थेट संबंध जोडायचा मोह होतो, मी जोडत नाही. कारणं वेगळी होती. पण एकाच शहरात, एकाच वर्षी, हजारो हातांचं काम सुटायला सुरुवात झाली होती, आणि त्याच शहरात एक वादक खोलीत बसून एकट्याने अख्खी तबकडी वाजवत होता. तबकडी ऐकताना हे डोक्यातून काढून टाकणं मला जमत नाही.

मग चरणजित सिंगांना दोष द्यायचा का? मुळीच नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या नोटेशनवर, दुसऱ्याने मोजून दिलेल्या मात्रांत वाजवलेल्या माणसाला या तीन पेट्यांनी पहिल्यांदा मोकळं केलं. अरेंजर नाही, दिग्दर्शक नाही, नायिकेच्या पदराला शोभेल असा तुकडा वाजवायचा नाही. तबकडीवर ठळक नाव त्याचं. शंभर वादक गोळा करायला पैसा लागतो, तो त्याच्याकडे नव्हता. तबला बंद केला नसता तर ही तबकडी निघालीच नसती. मामूंनीही कॅसिओ शिकला नसता तर पंधरा वर्षं आधीच ऑटो धरावी लागली असती. ज्या यंत्राने पोटावर पाय दिला त्याच यंत्रावर स्वार व्हायचं, हे वादकांनी किती तरी वेळा केलं आहे. त्यात हुशारी आहे, आणि ज्यांना स्वार होता आलं नाही त्यांच्याकडे पाठही आहे. मामू परत आले तेव्हा उरलेले तिघे परत आले नाहीत.

ॲसिड हाउसच्या दाव्याबद्दल माझं मत थोडक्यात सांगून टाकतो. साम्य खरं आहे, कानाला स्पष्ट कळतं. पेटी तीच, तालाचं यंत्रही त्याच जातीचं. पण शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती आणि चरणजित सिंगांना शिकागो ठाऊक नव्हतं. नातं लावायला मधे कुणी तरी लागतं, इथे कुणी नाही. तरी हा दावा इतका आवडतो, कारण त्यामुळे तबकडीला किंमत येते; पश्चिमेच्या कुठल्या तरी गोष्टीच्या पाच वर्षं आधी, म्हणून मोठी. ‘काळाच्या पुढे’ हे त्याचंच दुसरं रूप. मला ती काळाच्या पुढे वाटत नाही. ती बरोबर आपल्या काळात आहे, ‘कुर्बानी’ आणि ‘डिस्को डान्सर’ यांच्या मधे, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या आणि राग ठाऊक असलेल्या एका मुंबईकराने केलेली. त्या वेळी गिऱ्हाइकाला ती कळली नाही हेही समजण्यासारखं आहे. रागवाल्यांना डिस्को नको होता आणि डिस्कोवाल्यांना गाण्यात शब्द हवे होते.

सत्तरी ओलांडल्यावर चरणजित सिंगांना युरोपात बोलावणी आली. तीस वर्षांपूर्वी कुणी न ऐकलेले राग त्यांनी त्याच जातीच्या पेट्यांवर तिथल्या तरुण पोरांसमोर वाजवले, आणि पोरं नाचली. २०१५ च्या जुलैत मुंबईत ते गेले. मराठी वर्तमानपत्रांत त्याची दखल माझ्या तरी नजरेला पडली नाही.

मामूंच्या बँडपार्टीचं एकही ध्वनिमुद्रण नाही. लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या, त्यांना बुरशी लागली, आणि ज्या वाचल्या त्यांत व्हिडिओवाल्याने बँडचा आवाज काढून वर सिनेमाची गाणी चिकटवली आहेत. म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून मी एक साधी वही घातली आहे. गंगाखेड तालुक्यात आणि आजूबाजूला कोणत्या बँडपार्ट्या होत्या, कोण काय वाजवायचं, किती सालापर्यंत, एवढंच त्यात लिहितो. नववी-दहावीची पोरं आपल्या आज्याला, चुलत्याला विचारून येतात. मुसलमान निघतात, मातंग निघतात, एक घिसाडी निघाले. आजपर्यंत ४३ नावं झाली आहेत. क्लॅरिओनेटची ९, ट्रम्पेटची ६, साइड ड्रमची सगळ्यात जास्त. कॅसिओची ४. मामू दोन रकान्यांत आहेत.